आफ्रिकेसाठी गाइडबुक: एकच विटेएवढं, की देशागणिक वेगळं?

पाठपिशवी:

नमस्कार मंडळी,

जून-जुलैमध्ये सात आठवडे आफ्रिकेत फिरायचं ठरतंय. मी आणि धाकटी बहीण. नैरोबीला उतरायचं आणि लिव्हिंगस्टनहून परतीचं विमान पकडायचं, एवढंच नक्की आहे. मधला टांझानिया, मलावी आणि झांबिया शक्यतो बसने, रेल्वेने, बोटीने. विमानाची तिकिटं सोडून माणशी दिवसाला ४० डॉलर धरलेत. त्यात राहणं, खाणं, प्रवास. जमेल का, हा वेगळा प्रश्न, तोही कोणाला सांगता आला तर सांगा.

आता मुद्द्याचं. काल पुस्तकाच्या दुकानात दीड तास उभी होते. शेवटी दुकानदाराने स्टूल आणून दिलं. एक पुस्तक अख्ख्या खंडाचं, हजारावर पानांचं, वीटच. दुसरं पूर्व आफ्रिकेचं, त्यात मलावी आणि झांबिया नाहीतच. तिसरं नुसत्या टांझानियाचं, आणि ते एकटंच विटेच्या निम्मं जाड. देशागणिक एकेक घ्यायचं तर चार पुस्तकं होतात, आणि आठवडाभराच्या जेवणाचे पैसे त्यातच जातील. शिवाय वाहणार कोण?

एक जुनी आवृत्तीही दिसली, २०१२ची, पूर्व आफ्रिकेचीच. जवळजवळ फुकट. ती घेऊन काम भागेल का?

बहिणीचं म्हणणं, फोन असताना पुस्तक हवंय कशाला. मला मात्र कागद लागतो. रात्री झोपताना उद्याच्या गावाचं पान वाचल्याशिवाय झोप येत नाही. या भागात स्वतः फिरलेल्यांनी सांगावं ही विनंती.


रिकामी_बॅटरी:

बहिणीला माझं अनुमोदन. मागच्या वर्षी केनिया आणि टांझानियात पाच आठवडे होतो, एकही पुस्तक नेलं नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये देशांचे नकाशे आधीच उतरवून घेतले, ते नेट नसतानाही चालतात. विकिव्हॉयेज हे नेटवरचं प्रवासमार्गदर्शक किविक्स या नेटशिवाय वाचता येणाऱ्या ॲपमध्ये टाकून ठेवलं. स्वस्त लॉज, तंबूच्या जागा, कुठल्या सीमेवर काय होतं हे सगळं आयओव्हरलँडरवर लोकांनीच लिहिलेलं मिळतं, तेही मागच्या महिन्यातलं. छापलेलं पुस्तक दुकानात येतं तोवर शिळं झालेलं असतं. २०१२चं तर विचारूच नका.


खिडकीजवळची_जागा:

पाठपिशवी, तुमचा मार्ग वाचला आणि बसल्या जागी बॅगेचे पट्टे खांद्यात रुतले. हाच रस्ता मी दोनदा केलाय. २००९ साली नैरोबी ते लिव्हिंगस्टन आणि २०१९ साली उलटा. पहिल्या खेपेला खिशात दम नव्हता, दुसऱ्या खेपेला गुडघ्यांत. त्यामुळे दोन्ही वेळा बसची खिडकी धरून बसलो आणि बरंच वाचलं, बाहेरचंही आणि हातातलंही.

आधी त्या विटेचं बघू. आफ्रिकेत ५४ देश. पुढची ‘निघण्यापूर्वी’ची पानं, मागची सूची, मधले रंगीत फोटो काढले की देशामागे सरासरी वीस पानंही हाती लागत नाहीत. तीही समान वाटणीने नाही. मोरोक्को, इजिप्त, दक्षिण आफ्रिका ही थोरली भावंडं आधी जेवून घेतात. मलावी हा आठशे किलोमीटरहून लांब देश आहे, त्याच्या ताटात चार घास पडतात. वीट वाईट नाही, पण ती कैरोहून केपटाउनला निघालेल्या आणि वर्ष मोकळं असलेल्या माणसाची आहे. पूर्वी असे पुष्कळ होते. लोनली प्लॅनेटचं आफ्रिकेवरचं पहिलं पुस्तक १९७७ सालचं, ते अशाच लोकांसाठी. सात आठवड्यांत चार देश करणाऱ्याने बाकीचे पन्नास देश पाठीवर घेऊन काय करायचं?

दुकानात परत जाणार असाल तर माझी एक युक्ती वापरून पाहा. झांझिबारचं पान उघडू नका. झांझिबारबद्दल सगळेच छान लिहितात. म्बेया उघडा.

म्बेया हे दक्षिण टांझानियातलं जंक्शनचं गाव. भोवती डोंगर आहेत, कॉफी आहे, पण तेवढ्यासाठी कोणी तिथे मुद्दाम जात नाही. तरी स्वस्तात फिरणाऱ्याची एक रात्र तिथे जातेच, कारण दार-एस-सलामचा, झांबियाचा आणि मलावीचा रस्ता तिथे फुटतो. आणि तो पोचतो केव्हा? दिवस मावळल्यावर, आंबलेल्या अंगाने. ताझाराचं, म्हणजे टांझानिया-झांबिया रेल्वेचं, स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रात्री चालत निघायचं नाही, स्टँडवर ‘थेट मलावीत सोडतो’ म्हणून तिकीट कापणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, हे ज्या पुस्तकात असेल ते लिहिणारा स्वतः बसने आलाय असं समजा. ‘आल्हाददायक हवेचं डोंगराळ शहर’ एवढं लिहून जे पुढे सरकतं, त्याचा लेखक गाडीतून उतरलेला नाही. दिवसाला ४० डॉलरवाल्याच्या रात्री निम्म्या अशाच गावांत जातात. म्हणून पुस्तक तोलायचं ते म्बेयावर. चिपाटा, म्झुझू, कापिरी म्पोशी यांच्यावरही तोलता येईल, पण म्बेया पुरे.

किमतींसाठी पुस्तक घेत असाल तर नका घेऊ. छापलेला भाव हा लेखक तिथे गेला त्या दिवशीचा, आणि तो दिवस छपाईच्या निदान वर्षभर आधीचा. मलावीने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात क्वाचा इतका खाली आणला की १,१८० क्वाचांचा डॉलर १,७०० वर गेला. झांबियाने तर २०१३ साली आपल्या क्वाचाची तीन शून्यंच काढून टाकली. तिथल्या जुन्या पुस्तकात चहाचा भाव वाचलात तर चक्कर येईल. किमतींची तुलना मात्र टिकते. साध्या खोलीच्या भाड्यात किती जेवणं होतात, बोटीच्या पहिल्या वर्गाला तिसऱ्याच्या किती पट पडतं, हे फारसं हलत नाही. मी भाव वाचताना हेच बघतो.

आता २०१२ची ती जुनी आवृत्ती. तुम्ही मी असता तर मी ती घेतली असती, पण दुसरं पुस्तक म्हणून. डोंगर कुठे आहे, पाऊस कधी पडतो, झांझिबारच्या सुलतानाचं काय झालं, उगालीबरोबर (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) काय खातात, हे बारा-पंधरा वर्षांत शिळं होत नाही. बाकी बरंच होतं. त्या पुस्तकातली नैरोबी-मोंबासा रात्रीची रेल्वे आता नाही. २०१७ पासून नवीन रुळांवरून वेगळीच गाडी जाते, आणि तिची दोन्ही टोकाची स्टेशनं गावाबाहेर आहेत. दार-एस-सलामच्या नकाशात लांब पल्ल्याच्या बसेस उबुंगोहून सुटताना दिसतील. त्या २०२१ पासून आणखी पुढे म्बेझीच्या मागुफुली टर्मिनलवरून सुटतात. पहाटेची बस असली आणि तुम्ही उबुंगोला जाऊन उभ्या राहिलात तर पुस्तकाला शिव्या घालण्यापलीकडे हाती काही उरणार नाही. आणि जुन्या पुस्तकात प्लॅस्टिकच्या पिशवीबद्दल अवाक्षर नसेल. केनियात ती २०१७ पासून बंद आहे, टांझानियात २०१९ पासून. विमानात बसण्यापूर्वीच सामानातून काढून टाका.

माझं स्वतःचं गाढवपण सांगतो, म्हणजे पुस्तक कसं वापरू नये ते कळेल. २००९ साली माझ्याकडे जाडजूड पुस्तक होतं. नैरोबीच्या लॉजमध्ये ब्लेड घेऊन बसलो आणि नको ती पानं कापली. युगांडा कापला, रवांडा कापला, प्राण्यांचे फोटो कापले. मागे भाषेची काही पानं होती, ‘स्वाहिली काय, बोटं दाखवून भागेल’ म्हणून तीही कापली. उरलेल्याला मधोमध सुतळी बांधली. पुढच्या आठवड्यात टांझानियातल्या मोशीहून दार-एस-सलामचं बसचं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने निळ्या बॉलपेनने लिहून दिलं, ‘१२.००’, आणि पुढे ‘असुबुही’. मी आपला दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला केळी-बिळी घेऊन स्टँडवर हजर. फलाट रिकामा. एक पोरगा शेंगांची टरफलं झाडत होता. त्याने तिकीट हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, सूर्याकडे बोट केलं, मग ते बोट खाली पूर्वेकडे क्षितिजापर्यंत नेलं. आणि इतका हसला की झाडू टेकून उभा राहिला.

स्वाहिलीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. त्यांचे बारा, तेही ‘असुबुही’, म्हणजे सकाळचे, म्हणजे आपले सहा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच सुमाराला उगवतो, तेव्हा हिशोब अगदी सरळ आहे. सहा तासांचा फरक धरायचा, बस्स. बस सहाला गेली होती. हे सगळं माझ्या पुस्तकात चौकट आखून छापलेलं होतं, भाषेच्या पानांत. ती पानं नैरोबीच्या केराच्या टोपलीत.

तेव्हा पुस्तक कापायचं तर खुशाल कापा, मी आजही कापतो. पण मागची पानं ठेवा. व्हिसा, पैसे, भाषा, आजार ही कंटाळवाणी पानं मागे असतात आणि स्टँडवर तीच उपयोगी पडतात.

नेमकं काय घ्यायचं? पूर्व आफ्रिकेचं एक, शक्य तितकं ताजं. त्यातले केनिया-टांझानिया ठेवा, बाकीचे कापा नाहीतर कोणाला द्या. मलावी आणि झांबियासाठी ब्रॅट प्रकाशनाची स्वतंत्र पुस्तकं आहेत. झांबिया, मोझांबिक आणि मलावी असं एकत्र पुस्तकही लोनली प्लॅनेटने काढलं होतं, जुन्या बाजारात दिसलं तर सोडू नका. घेताना आवृत्तीचं साल आतल्या पानावर बघा, मुखपृष्ठावर बघू नका.

४० डॉलरचं म्हणाल तर रोजच्या जगण्याला पुरतील, मलावीत थोडे उरतीलही. सेरेंगेटी, न्गोरोंगोरो मात्र त्यात बसवायला जाऊ नका. तंबूतली, चारजणांत वाटलेली साधी सफारीसुद्धा दिवसाला माणशी दोनशे डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, कारण उद्यानाचं प्रवेशशुल्कच जबर आहे. त्याची थैली वेगळी करा. नाहीतर केनियात नैवाशाजवळचं हेल्स गेट करा. तिथे पायी आणि सायकलवर फिरू देतात. झेब्रे, जिराफ रस्त्याच्या कडेला चरत असतात आणि मधे गाडीची काच नसते. सेरेंगेटी मी दुसऱ्या खेपेला पाहिलं. आठवतं जास्त हेल्स गेट.

डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या न्या, निदान २०१३ नंतरच्या. २००६ च्या आधीची नोट कोणी हातात धरणार नाही. घडी पडलेली, शिक्का मारलेली, कोपरा फाटलेली तर नाहीच नाही.


गोगलगाय:

खिडकीवाले काका, म्बेयाची कसोटी आवडली. वाचनखूण साठवली आहे.

मी रवांडा आणि युगांडा केलंय, तुमच्या वाटेवर नाही, पण पुस्तकाबद्दल थोडं सांगते. मी ब्रॅटच्या बाजूची. हिलरी ब्रॅट यांनी हे प्रकाशन १९७४ साली सुरू केलं, आणि ज्या देशांवर कोणी पानभर लिहीत नाही त्यांवर ते अख्खं पुस्तक काढतात. लहान देशाला त्याने फार फरक पडतो. पण एक आहे, ती पुस्तकं निवांत वाचायची आहेत. पक्षी, इतिहास, कुठल्या टेकडीवरून काय दिसतं. धावत्या बसमध्ये ‘लॉज कुठे’ शोधायला पानं उलटताना जीव जातो. राहण्याच्या जागांत महागडे कॅम्पही बरेच भेटतात, त्यांच्यावरून उडी मारायला शिकावं लागतं.

जुन्या पुस्तकाचा माझा अनुभव नावांचा. रवांडाने २००६ साली प्रांत बदलले आणि गावांची नावंही. बुटारेचं हुये झालं, रुहेंगेरीचं मुसान्झे, गिसेन्यीचं रुबावू. माझ्या पुस्तकात जुनी नावं, बसच्या पाटीवर नवी. बसमधल्या आजीबाई मात्र जुनंच नाव घेत होत्या. तेव्हा पुस्तक चुकलं की पाटी चुकली हे मी आजींवर सोडून दिलं.

अजून एक. पूर्व आफ्रिकेचा संयुक्त व्हिसा म्हणून जो मिळतो, १०० डॉलरचा, तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा. टांझानिया त्यात नाही. नावावर जाऊन फसू नका. केनियाने तर जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकून आधी ऑनलाइन परवानगी घ्यायची पद्धत आणली आहे. व्हिसाच्या बाबतीत कुठल्याही छापील पुस्तकावर, कालच छापलेलं असलं तरी, विश्वास ठेवू नये. सरळ त्या देशाच्या सरकारी साइटवर जावं. एजंटांच्या साइट दिसायला हुबेहूब तशाच असतात, तेवढं बघा.


कडू_गोळी:

फक्त औषधपाण्याबद्दल.

जुन्या पुस्तकात पीतज्वराच्या लशीचा दाखला दहा वर्षं चालतो असं असेल. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. आधी टोचून घेतली असेल तर पुन्हा नको, पिवळं कार्ड शोधून काढा. पहिल्यांदाच घेणार असाल तर प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या, टोचल्यावर दहा दिवस होईपर्यंत दाखला लागू होत नाही.

मलेरियाचं पुस्तकातलं प्रकरण वाचा जरूर, पण गोळ्या त्यावरून ठरवू नका. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किनारपट्टी, मलावीचं तळं, झांबेझीचा काठ, इथे भरपूर. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. उन्हात कातडी भाजते त्याने. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, काहींना भयंकर स्वप्नं पडतात. आपल्या डॉक्टरांना पूर्ण मार्ग दाखवा आणि मग ठरवा.

मलावीच्या तळ्यात पोहणार असाल (आणि पोहालच) तर बिलहार्झिया नावाचा प्रकार वाचून ठेवा. काठाच्या गवतात गोगलगायी असतात (वरच्या ताई नव्हेत), त्यांतून येतो. परतल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करून घ्या. औषध आहे, साधं आहे.


रिकामी_बॅटरी:

काका, तुमचं उबुंगोचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय की! फोनवर हे बदल दुसऱ्या दिवशी दिसतात.


खिडकीजवळची_जागा:

जातंय ना, कोण नाही म्हणतंय. स्टेशन, टर्मिनल, व्हिसा यांत फोन पुढे आहे. मी २०१९ साली फोनही नेला होता.

पण एक बघ. फोन तुला विचारलेल्याचं उत्तर देतो. जे विचारायचं सुचलंच नाही त्याचं काय? ‘इथे सकाळचे बारा म्हणजे सहा’ असं तू फोनला आपणहून विचारलं असतंस का? पुस्तक उलटताना ते अंगावर येतं. आणि ताझाराची गाडी. दार-एस-सलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी १,८६० किलोमीटर, वेळापत्रकात दोन दिवसांच्या आत, प्रत्यक्षात ज्याचं त्याचं नशीब. आमची गाडी एका नाव नसलेल्या ठिकाणी नऊ तास उभी होती. डब्यात चार्जिंग नाही, बाहेर टॉवर नाही. सहा बर्थच्या डब्यात आम्ही पाच पुरुष होतो. (बायका-पुरुषांचे डबे वेगळे असतात, पाठपिशवी, तुम्हा बहिणींना काळजी नको.) त्या नऊ तासांत माझं सुतळीने बांधलेलं पुस्तक पाचही जणांनी वाचलं. एक लुसाकाचा मास्तर होता, त्याने झांबियाच्या पानांवर पेन्सिलीने चुका काढून दिल्या. ‘हे हॉटेल जळालं.’ ‘हा पूल नाही, हा दुसरा पूल.’ अशी दुरुस्त केलेली आवृत्ती कुठल्या ॲपमध्ये मिळते सांग, मी उतरवून घेतो.

गाडी सध्या चालू आहे का, कुठल्या वारी आहे, हे मात्र निघण्याआधी फोनवरच बघा. तिथे पुस्तक काही कामाचं नाही.


धुळीचा_रस्ता:

पश्चिम आफ्रिकेचा विषय नाही हे माहीत आहे, तरी उद्या कोणी हा धागा शोधत आलं तर त्याच्यासाठी चार ओळी. सेनेगल, बेनिन, टोगो, कोत दिव्वार इकडे जुनं पुस्तक जास्त चालतं, निदान भावांच्या बाबतीत. सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७, त्यामुळे भाव केनिया-मलावीसारखे उड्या मारत नाहीत. मात्र पश्चिमेचा सीएफए आणि मध्य आफ्रिकेचा सीएफए वेगळे. किंमत तीच, पण डाकारची नोट कॅमेरूनच्या दुकानात चालत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत उलट. जुन्या पुस्तकांत टिंबक्टू आणि डोगोन प्रदेश हे मालीतलं मुख्य आकर्षण म्हणून असायचे. आता तिकडे जायचं नाही. आणि इकडच्या पुस्तकात फ्रेंचची पानं कोणी ब्लेडने कापली तर त्याने घरीच बसावं.


पाठपिशवी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता स्टूल पुढे केलं.

तिन्हींत म्बेया उघडलं. विटेत अकरा ओळी, त्यांतल्या तीन हवेबद्दल. पूर्व आफ्रिकेच्या पुस्तकात सव्वा पान आणि लहानसा नकाशा, स्टेशन नकाशाबाहेर बाण काढून दाखवलंय. नुसत्या टांझानियाच्या पुस्तकात चार पानं, खोट्या तिकिटांची गोष्ट सविस्तर. मोह झाला, पण वजन बघून ठेवून दिलं. त्या पानांवर जे होतं ते वहीत लिहून घेतलं. दुकानदाराने बघितलं, काही बोलला नाही. मग लाजेखातर पूर्व आफ्रिकेचं २०१८चं पुस्तक घेतलं, वर ती २०१२चीही घेतली. मलावीचं स्वतंत्र मागवलंय. झांबिया बहिणीच्या फोनमध्ये. तिच्या पिशवीत माझी एक वीट कमी, म्हणून तीही खूश आहे.

काका, एक शेवटचं. म्बेयाहून मलावीत जायचं ते नेमकं कसं? पुस्तकात ‘सीमेपर्यंत मिनीबस मिळते’ एवढंच आहे.


खिडकीजवळची_जागा:

तो ‘पर्यंत’ शब्द फसवा आहे. क्येलाकडे जाणारी गाडी तुम्हाला फाट्यावर उतरवते, सीमा तिथून काही किलोमीटर पुढे. उतरलात की मोटरसायकलवाले घेरतील. आधी भाव ठरवा, दोघींच्या दोन गाड्या करा, एकीवर तिघं बसू नका. पहाटे निघा, वाटेत टुकुयूचे चहाचे मळे उजेडात दिसतील. सीमा म्हणजे सोंग्वे नदीवरचा पूल. पैसे बदलून देणारे पुलाच्या अलीकडेही असतात आणि पलीकडेही. नोटा मोजताना त्यांची बोटं फार भराभर चालतात, तेव्हा लागतील तेवढेच बदला आणि तुम्ही मोजलेली गड्डी परत त्यांच्या हातात देऊ नका. पुलापलीकडे घड्याळ एक तास मागे. म्हणजे एक तास फुकट मिळाला असं वाटतं, पण अंधारही तेवढाच लवकर पडतो.

पलीकडून करोंगाला वाटून घेतलेल्या टॅक्स्या जातात. करोंगाला दुपारचे तीन वाजून गेले असतील तर तिथेच राहा, पुढे चिवेटाचा घाट आहे, तो रात्री करायचा नाही. दुसऱ्या दिवशी म्झुझूची गाडी पकडा आणि डावीकडची खिडकी धरा, तळं त्या बाजूला आहे.